बाळंतपण, रोजगार आणि कागदावरचं नाव: कोकणपट्टीपुरता धागा

खाडीकाठ
"करिअर की मूल" हा प्रश्न आपण असा विचारतो, की जणू सगळ्या बायका एकाच कचेरीत बसतात आणि संध्याकाळी एकाच लोकलने घरी जातात. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत नजर टाका. जिल्हा परिषदेची शिक्षिका, अकरा महिन्यांच्या करारावरची नर्स, काजू कारखान्यात बी फोडणारी, हर्णैच्या लिलावात टोपली घेणारी, वीटभट्टीवर नवऱ्याबरोबर विटा पाडणारी कातकरी बाई, आणि नवऱ्याच्या कलमांच्या बागेत दिवसभर राबूनही कागदोपत्री 'गृहिणी' असलेली. पोटातलं मूल नऊच महिन्यांचं. पुढचं सगळं वेगळं.

माझं म्हणणं असं: बाळंतपणात कुणाला पगार मिळेल, कुणाची जागा टिकेल, हे दिवस राहायच्या आधीच ठरलेलं असतं. बाईचं नाव कुठल्या कागदावर आहे आणि ते कसं लिहिलंय, यावर. पटत नसेल तर खोडून काढा.

एक विनंती. "आमच्या वेळी सासूबाईंनी..." हे दुसऱ्या धाग्यावर. इथे कामाचा प्रकार, पायऱ्या, रकमा आणि कुठे अडतं ते लिहा.

हजेरीपट
सुरुवात कायद्यापासून करतो. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा, २०१७ ची दुरुस्ती धरून. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून याच तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० खाली लागू आहेत, त्यामुळे कलमांचे आकडे बदलले तरी हिशेब तोच.)

पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीच्या आधी. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या वेळी १२. गर्भपात झाल्यास ६ आठवडे. हा भाग बायकांना सांगितलाच जात नाही. पात्रतेला प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम. "कायम नोकरी हवी" असं कुठेही लिहिलेलं नाही. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या कामगार बायकांच्या खटल्यात स्पष्ट केलं.

पैसे कधी? प्रसूतीआधीचा हिस्सा गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ. उरलेला, मूल झाल्याचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत. "कामावर परत ये, मग देतो" हे बेकायदेशीर आहे.

अडतं कुठे, तर ८० दिवस मोजायला मस्टर लागतं. मस्टर मालकाकडे.

बोंडू
हजेरीपट यांनी मुद्द्याला हात घातलाच आहे, तर काजूचं सांगते.

कारखान्यात बी आधी वाफवतात, थंड करतात, पायाच्या यंत्रावर फोडतात, गर भट्टीत सुकवतात, मग साल सोलतात आणि शेवटी प्रतवारी. २४० नंबर म्हणजे पौंडात २२० ते २४० अख्खे गर, ३२० म्हणजे ३०० ते ३२०. फोडणी आणि सोलणी बहुतेक ठिकाणी किलोवर. पाकळी, तुकडा जास्त झाला की बोलणी.

फोडणीत टरफलातलं तेल हातावर येतं आणि कातडी जळते. म्हणून हाताला खोबरेल किंवा एरंडेल, वर राख नाहीतर चुना. मोजे असले तरी बोटांची नजर जाते म्हणून बायका काढून ठेवतात. दिवस गेलेल्या बाईला फोडणीवरून सोलणीला बसवायची पद्धत आहे, ती चांगलीच. पण सोलणीचा दर वेगळा आणि आठव्या महिन्यात हातही हळू चालतो. कायदा म्हणतो, बाईने मागणी केली तर प्रसूतीआधीच्या सहा आठवड्यांच्या मागे एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांत रजा घेतली नसेल तर तेव्हाही, कष्टाचं किंवा तासनतास उभ्याचं काम देता येत नाही, आणि हलकं काम दिलं म्हणून नेहमीची मजुरी कापता येत नाही. किलोवर काम करणारीची 'नेहमीची मजुरी' किती, यावर मग भांडण. म्हणून हलकं काम तोंडी मागू नये. तारीख घालून अर्ज, आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का.

अंगावर पाजत असाल तर फोडणीवरून आल्यावर आधी तेलाने हात पुसून मगच साबण. नुसत्या पाण्याने टरफलाचं तेल जात नाही, पसरतं. साडीचा पदर किंवा ओढणी बदलूनच मूल घ्यायचं.

आणि खरी गोम पुढे आहे. सोलणीचा माल घरी नेऊन करणाऱ्या बायका ह्या सगळ्या हिशेबात कुठेच नाहीत. त्यांचं नाव फक्त मुकादमीणबाईच्या वहीत, तेही 'अमकीची सून' असं.

हजेरीपट
@बोंडू, किलोवरच्या मजुरीचा हिशेब कायद्यात आहे, आणि तिथेच सर्वांत जास्त फसवणूक होते.

रोजची सरासरी काढताना रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांत जेवढे दिवस काम केलं तेवढ्यांनीच भागायचं. समजा ५४ दिवस काम, कमाई २२,६८०. सरासरी ४२० रुपये. मालक ९० ने भागतो, सरासरी येते २५२. दुसरी चलाखी रविवार वगळण्याची. १९७७ च्या बी. शाह खटल्यात (कोईमतूरची मळ्यातली कामगार बाई) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आठवडा सात दिवसांचाच धरायचा. म्हणजे २६ गुणिले ७, १८२ दिवस. १८२ गुणिले ४२० झाले ७६,४४०. चुकीच्या सरासरीने ४५,८६४. तीस हजारांहून जास्त रक्कम एका भागाकारात गेली. आणि सरासरी किमान वेतनाखाली आली, तर किमान वेतन धरायचं.

हापूस_नको
थोडक्यात, अंकगणिताच्या बाईंनी वर्गात "भागाकार आयुष्यात लागतो" म्हणून सांगितलं होतं ते हेच. (हलके घ्या.)

लिलाव
मासळीवालीला मालकच नाही, त्यामुळे २६ आठवडे कुणाकडे मागणार? तिची नोकरी म्हणजे तीन गोष्टी: बाजारातली बसायची जागा, ठरलेलं गिऱ्हाईक, आणि लिलावातली पत. चार महिने गैरहजर राहिलं तर तिन्ही हलतात, पत सर्वांत आधी. उधारीवर टोपली देणारा व्यापारी मागची बाकी मागतो.

काय करता येतं ते लिहितो.

जागा: २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात प्रमाणपत्राची अट अशी आहे की धंदा स्वतः करायचा किंवा घरच्या माणसामार्फत. म्हणजे रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला अशा नगर परिषदेच्या हद्दीत प्रमाणपत्र असेल, तर बाळंतपणात सासू किंवा मुलगी त्या जागेवर बसू शकते आणि जागा जात नाही. प्रमाणपत्र सासूच्याच नावावर असेल आणि सून बसत असेल, तर मात्र घरात भांडण झाल्या दिवशी सुनेची जागा गेली. पाहणी होते तेव्हा प्रत्यक्ष बसणारीचं नाव लागलं पाहिजे. ग्रामपंचायत हद्दीत हा कायदा लागत नाही, तिथे बाजारकराच्या पावत्या जपा.

हंगाम: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. ताजी आवक नाही, धंदा सुक्या मासळीवर. मार्च-एप्रिलमध्ये बाळंत झालेली बाई या बंदीमुळे ऑगस्टपर्यंत थांबू शकते. ऑक्टोबरात बाळंत झालेलीचा भर हंगाम बुडतो.

ओझं: भरलेली पाटी बर्फासकट वीस-पंचवीस किलोला सहज जाते. निदान सहा आठवडे ती डोक्यावर घेऊ नये, शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टर सांगतील तितके आणखी. लवकर उचललं की अंग बाहेर येण्याचा त्रास सुरू होतो आणि तो लाजेपोटी सांगितला जात नाही. दोन पाट्यांत अर्धी-अर्धी वाटणी, आणि उचलताना श्वास कोंडायचा नाही, सोडत उचलायचं.

भरती_ओहोटी
लिलाव, तपशील उत्तम. पण मूळ धाग्याशी माझा थोडा वाद आहे. कोळीण, गाबीत, दालदी बायकांना 'धंदा की मूल' हा प्रश्न कधी पडलाच नाही. मासळीचा पैसा परंपरेने बायकांच्या कनवटीला, मूल बाजारात शेजारी. हा प्रश्न ज्यांचं काम घरापासून वेगळं झालं त्यांचा आहे. जातीजमातीप्रमाणे 'चांगली आई' कोण हेही बदलतं. एका घरात तीन महिन्यांच्या मुलाला सोडून कामावर गेली म्हणून नावं ठेवतात, दुसऱ्या घरात नाही गेली म्हणून.

शेगडी
शेवटचं वाक्य शंभर टक्के. आधीचं नाही पटलं. मूल शेजारी असतं, पण कुठे? ओल्या लादीवर, बर्फाच्या पेटीमागे. बाजारात बायकांसाठी वापरण्याजोगं संडास-मुतारी नसेल तर सकाळी पाचपासून दुपारपर्यंत पाणीच प्यायचं नाही हा उपाय असतो. त्याने लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि पाजणारीचं पाणी कमी पडलं की तिलाच गरगरतं. पैसा कनवटीला असतो हे खरं, पण होडीचा परवाना आणि सोसायटीचं सभासदत्व कुणाच्या नावावर? खाडीकाठचा मुद्दा इथेच लागू पडतो.

मालवणी_मुलूख
परवानो घोवाच्या नावार, कर्ज बायलेच्या गळ्यात. ह्या बराबर चल्लाहा.

टाचण
नावाचाच विषय आहे तर पंतप्रधान मातृवंदना योजनेबद्दल. पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत: नोंदणी आणि सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाल्यावर ३,०००; जन्मनोंदणी आणि चौदा आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर २,०००. दुसरं मूल मुलगी असेल तर एकरकमी ६,०००. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही, त्यामुळे एकट्या किंवा टाकलेल्या बाईलाही अर्ज करता येतो.

पैसे का अडकतात याची कारणं, जास्त दिसणारी आधी:

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. 'बँकेत आधार दिलंय' आणि 'खातं थेट लाभासाठी जोडलंय' या दोन वेगळ्या गोष्टी. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे या जोडणीची, स्थिती दिसते, ती आधी बघा. जुनं माहेरचं खातं जोडलेलं राहिलं, की पैसे तिकडे जातात आणि बाई इथे अंगणवाडीशी भांडते.

आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, हे लक्षात ठेवा. पहिली संधी स्पेलिंग दुरुस्त करण्यात आणि दुसरी लग्नात गेली, की पुढे घटस्फोट झाला तर पंचाईत. नाव बदलायचंच असेल तर क्रम असा ठेवा: विवाहनोंदणी, मग आधार, मग पॅन, मग बँक, मग भविष्य निर्वाह निधी. मधूनच सुरू केलं की प्रत्येक खिडकीवर 'आधी तिकडचं आणा'.

आणि तिसरा पर्याय, नाव बदलूच नका. कायद्याने सक्ती नाही.

पाटपाणी
+१. त्यात एक भर. जातीचा दाखला जन्माच्या जातीवर, वडिलांकडच्या कागदांवरून निघतो. लग्नाने बदलत नाही. उन्नत-प्रगत गटात नसल्याचं (नॉन-क्रीमी लेयर) प्रमाणपत्रही आईवडिलांच्या स्थितीवरून, नवऱ्याच्या पगारावरून नाही. आरक्षित जागेवर अर्ज करणाऱ्या विवाहितेला सेतूत "नवऱ्याचं उत्पन्न आणा" म्हणून परत पाठवलं, तर हे सांगा. दोन नावं जोडणारा विवाहनोंदणी दाखला किंवा राजपत्र सोबत ठेवायचं.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. तेव्हा आईचं नाव जन्मनोंदणीच्या वेळीच तिच्या आधारवर आहे तसं लिहा. तिथे 'सौ.' चिकटवू नका, पुढे वीस वर्षं ते सौ. निघत नाही.

हापूस_नको
नवरा निघून जाईल पण सौ. जायचं नाही.

मुडदुशी
अवांतर, पण मघाशी पाजणारीच्या तब्येतीचा विषय निघाला म्हणून. दूध यावं म्हणून मोरीचं कालवण देतात, त्याबद्दल कुणी बोलेल का? मोरी म्हणजे शार्कच, आणि मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांनी शार्क टाळावा असाच सल्ला असतो.

लिलाव
पिढ्यान्‌पिढ्या खातायत हो. आणि बाळंतिणीला देतात ती हातभर लांबीची, मोठी मुशी नव्हे.

मुडदुशी
लहानीत कमी असणार हे मान्य. पण पर्याय हाताशी असताना कशाला? मुडदुशी, तारले, बोंबील, मांदेली. लहान, कमी वर्षं जगणारे मासे. आणि मुडदुशी आजाऱ्याला नि बाळंतिणीला चालते असं तर आज्याही सांगत. (आयडीमुळे पक्षपात होतोय, कबूल.)

पाळणा
परत कामावर या सगळे. 😀

५० किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघर बंधनकारक, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येतं, विश्रांतीची वेळ धरून. पाजण्यासाठी रोज कामाच्या मधल्या दोन सुट्ट्या मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत, आणि त्याला ५० ची अट नाही. आपल्याकडची काजू आणि कोकम युनिटं बहुतेक पन्नासाच्या आतली, म्हणून पाळणाघर नाही, पण सुट्ट्या मागता येतात. अंगणवाडीत सहा महिन्यांच्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो. बसायला तीन वर्षांपुढे, तेही काही तास. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे, साडेसात तासांचं. ग्रामसभेत त्याची मागणी ठरावात घ्यायला लावा.

एसटीने तास-दीड तास जाणाऱ्यांसाठी दूध काढून ठेवणं. रुजू होण्याच्या दोन आठवडे आधी सुरुवात करा. हात धुऊन, अंगठा वर आणि बोटं खाली अशी, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटीमीटर मागे. आधी छातीच्या दिशेने दाबायचं, मग अंगठा-बोटं जवळ आणायची, सोडायचं. बोटं कातडीवर घासत पुढे ओढली तर दूध येत नाही, नुसतं दुखतं. कामावर साधारण तीन तासांनी. उकळलेल्या रुंद तोंडाच्या स्टीलच्या डब्यात चालतं.

२५ अंशांपर्यंत बाहेर चार तास टिकतं, पण आपल्याकडे एप्रिलमध्ये सावलीतही तीस ओलांडतं, तेव्हा बाहेर ठेवूच नका. गोठवलेल्या पॅकसह जाड पिशवीत दिवसभर, शीतकपाटात चार दिवस. वीज गेली तर दार उघडू नका. गॅसवर गरम करायचं नाही, कोमट पाण्यात डबा ठेवायचा. उरलेलं परत गोठवायचं नाही.

बोंडू
पाळणा, ही पोस्ट छापून भिंतीला लावण्याजोगी. फक्त जागेचं काय? कारखान्यात आडोसा म्हणजे रिकाम्या पोत्यांची खोली, तिथे टरफलाची धूळ. प्रतवारीची खोली त्यातल्या त्यात स्वच्छ असते, कडी आतून लावता येते का बघावं.

माळरान
सगळी चर्चा एका जागी राहणाऱ्या बायकांची चालली आहे. रायगड-रत्नागिरीतली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. उचल मिळते ती 'जोडी'ला, घेतो नवरा. मजुरी हजार विटांवर. बाईचं वेगळं नाव नाही, वेगळा दर नाही. ती आठव्या महिन्यात बसली तर जोडीची वीट कमी पडते आणि उचल फिटत नाही, म्हणून ती बसत नाही. इथे ८० दिवस सिद्ध करायला काय दाखवणार?

निदान एवढं: निघण्याआधी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्यावं, गावच्या अंगणवाडीत जायचं ठिकाण सांगावं आणि तिकडे पोचल्यावर जवळच्या अंगणवाडीत आधार दाखवून नाव घालावं, पोषणाची नोंदणी दुसरीकडे चालते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या बायकांनाही हेच लागू. हिशेबाची वही भट्टीवाल्याकडेच राहते, तिचा दर आठवड्याला मोबाईलवर फोटो. आणि उचल फिटली नाही म्हणून जाऊ देत नसतील, तर तो १९७६ च्या वेठबिगार कायद्याखालचा गुन्हा आहे. तक्रार प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे.

भरती_ओहोटी
माळरान यांचं वाचून माझं मघाचं विधान दुरुस्त करतो. काम आणि मूल एकत्र असणं म्हणजे सोय असं नाही.

सेवापुस्तक
सरकारी बाजू राहिली. राज्य सरकारी कर्मचारी बाईला प्रसूती रजा १८० दिवस. बालसंगोपन रजा वेगळी, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत एकूण सेवेत १८० दिवस. केंद्राकडे हीच ७३० दिवस, त्यामुळे एकाच गावातली पोस्टातली बाई आणि शाळेतली बाई यांच्यात एवढा फरक.

करारावरच्यांची अडचण अशी की अकरा महिन्यांनी एक दिवसाचा खंड देतात आणि "करार संपला, रजाही संपली" म्हणतात. २०२३ मध्ये डॉ. कविता यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ८० दिवसांची अट पूर्ण असेल तर कराराची मुदत संपल्यानंतरही लाभ द्यावा लागतो. अर्जात या निकालाचा उल्लेख करा, आणि अर्ज करार संपण्याच्या आधी आवक नोंदवहीत पाडा.

खाडीकाठ
तीन दिवसांत इतकं जमलं. बागायतदाराच्या बायकोचं मात्र अजून कुणी लिहिलं नाही. कलमांना फवारणी कधी, पेटी कुणाला, हे सगळं तिला माहीत, आणि कर्ज मागायला गेली की सातबारा दाखवा म्हणतात.

टाचण
लक्ष्मी मुक्ती योजना त्यासाठीच आहे. नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं, मुद्रांक शुल्क नाही. तलाठ्याकडे अर्ज.

पण ते जमीन नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर. कोकणातला सातबारा म्हणजे काय ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे: आजोबा, चुलत आजोबा, लालबागचे तिघं, विरारचे दोघं, एक वारस बेपत्ता. २०२३ च्या 'आई' पर्यटन धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळतं. अंगावर लहान मूल असताना घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देणं हा अनेकींना जमणारा धंदा आहे. पण अट अशी की व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा. घर सामाईक असेल तर नमुना ८ चा (ग्रामपंचायतीतल्या घरनोंदीचा) उतारा, इतर हिस्सेदारांची संमती, मग बँक.

हापूस_नको
धोरणाचं नाव आई, उतारा आजोबांचा.

मालवणी_मुलूख
संमती गणपतीत घ्यावची. चाकरमानी तेवाच एका जाग्यार गावतत. दुसऱ्या दिवसा, भजन झाल्यार. पयल्या दिवशी इचारलास तर हिशोब काढतले.

पाटपाणी
आणि शंभरच्या मुद्रांकावर चालेल की पाचशेच्या, ते आधी तालुक्याला विचारून कागद तयार ठेवा. गणपतीच्या सुट्टीत मुद्रांक विक्रेताही गावीच गेलेला असतो.

बोंडू
@हजेरीपट, तो रजेच्या अर्जाचा नमुना टाकाल का? किलोवरच्या कामगारासाठी. सोप्या मराठीत, एका पानात.

हजेरीपट
टाकतो. तोवर किमान मजकूर हा: नाव (मस्टरवर आहे तसंच), कामाचा विभाग, प्रसूतीची अपेक्षित तारीख, अमुक तारखेपासून रजा, लाभाची रक्कम कुणाला द्यायची त्याचं नाव, रजेच्या काळात दुसरीकडे काम करणार नाही असं एक वाक्य, आणि डॉक्टरांच्या दाखल्याची प्रत. दोन प्रती. मालक पोच देत नसेल तर स्पीड पोस्टाने. पोस्टाची पावती झेरॉक्स काढून ठेवा, ती थर्मल कागदाची असते, दमट हवेत अक्षरं उडतात.